मदत हवी आहे: सीपॅप लावूनही बाबांना दिवसा झोप येते

नमस्कार. स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार) बाबांचं सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) सुरू होऊन काही आठवडे झालेत. घोरणं थांबलं, मशीनवर एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा) ५ च्या खाली, म्हणजे चांगला दिसतो. तरी दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागतो आणि "एवढं करून काय उपयोग?" म्हणून ते हिरमुसतात. डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षांची अपुरी झोप भरून यायला वेळ लागतो, मास्क शक्यतो रात्रभर हवा. बाबा तो पहाटे काढून ठेवतात. नेमकं पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेतच श्वास जास्त अडकतो, हे त्यांना पटत नाही. स्कूटर तूर्त बंद केली आहे, त्याचंही त्यांना वाईट वाटतं.

तुमच्या घरी दिवसाची तरतरी साधारण कधी जाणवू लागली? दुपारच्या झोपेतही मास्क लावता का? आणि धीर कसा देता?