रात्री बॅनर वाचता येत नाही? आधी टॉर्च मारून बघा

रिफ्लेक्टिव्ह व्हिनाईल (प्रकाश पडला की चमकणारं, बॅनरचं प्लास्टिक) लावूनही रात्री बॅनरवरची अक्षरं दिसत नसतील, तर बहुतेक घोळ शाईचा असणार. हे मटेरियल स्वतः उजळत नाही, आत बारीक काचेचे मणी किंवा प्रिझम असतात, ते प्रकाश आला तिकडेच परत फेकतात, म्हणून हेडलाइटवाल्याला दिसतं आणि दिव्याच्या खांबाखाली उभ्या माणसाला नाही. अपारदर्शक शाई मारली की तेवढा भाग मेला, चमकतच नाही! चमकत्या पांढऱ्यावर काळी अक्षरं चालतात, पण जाड आणि मोकळी ठेवा, बारीक काना-मात्रा चकाकीत गिळल्या जातात. मी एकदा अनुस्वार असाच घालवलाय :) छापण्याआधी तुकडा अंधारात टांगून टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून बघा, हातभर बाजूला धरलात तर फसाल.