शाळा सोडून घरी शिकवताना दिवस कसा आखावा?

प्रश्न: मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत. पुढच्या महिन्यापासून घरीच शिकवणार आहोत. बायबल, प्रार्थना आणि बाकीचा अभ्यास यांची सांगड कशी घालावी? दोघांना सगळं वेगवेगळं शिकवावं लागेल का?

उत्तर १: शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका, पालक थकतात ते इथेच. हजेरी, रांगा, तास बदलणं यांतला वेळ घरी वाचतो. धाकट्याला दोन-अडीच तास पुरतात, मोठ्याला साडेतीन. बायबल, इतिहास, विज्ञान एकत्र घ्या. गणित आणि लेखन ज्याच्या त्याच्या पातळीवर. गणित सकाळीच, डोकं ताजं असताना.

उत्तर २: बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणून मोठ्याला तारखेप्रमाणे रोज एक. धाकट्याला मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक, रोज दहा-बारा वचनं. मग पुस्तक मिटून त्यानं आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकू नका. पाठांतराला स्तोत्र २३ घ्या, सहाच वचनं आहेत. आणि कृपा करून शिक्षा म्हणून वचनं लिहायला लावू नका. मुलाच्या मनात देवाचं वचन आणि राग एकत्र बसतात, ते सुटायला फार वेळ लागतो.

उत्तर ३: शाळेतून नाव काढण्याआधी तुमच्याकडचा कायदा वाचा, शाळेचा दाखला घ्या. रोज तारीख, विषय, पानं एका वहीत लिहा. भागाकार अडला तर आधी पाढे तपासा: सातचा कच्चा असेल तर ५६ ला ७ ने भागताना पेन्सिल तिथेच थांबते.