नाला वळवला तरी गाळ उरतोच

‘सांडपाण्याचा नाला वळवला की दोन-तीन वर्षांत तळं आपोआप निवळतं’ असं बरेचदा म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नाला वळवायलाच हवा, त्यात वाद नाही. पण इतकी वर्षं सांडपाण्याबरोबर आत आलेला फॉस्फरस (शेवाळ वाढवणारं पोषकद्रव्य) गाळात बसलाय, त्याचं काय? काठावरून काठी खुपसून बघा. काळा, लोण्यासारखा चिखल वर येतो, बुडबुडे फुटतात, सडक्या अंड्यांचा वास सुटतो. म्हणजे तळाशी ऑक्सिजन नाही. अशा वेळी गाळातल्या लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळाला आयतं खाद्य मिळतं.

स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्याचं हेच झालं. सांडपाणी १९५०च्या दशकात बंद केलं, तरी पाणी सुधारेना. शेवटी १९७०-७१ मध्ये पंपाने गाळ खेचून काढला, तेव्हा कुठे फरक पडला. मात्र गाळ काढायच्या नावाखाली जेसीबीने काठ उभे कापू नका (हा उत्साह फार दिसतो). बेडकांची अंडी आणि पाणगवत त्या उथळ कडेलाच असतात.