अल्बम 'गाजला', 'चालला' की 'मुरला'?

आर्वीहून प्रश्न :
मंडळी, गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या 'पेट साउंड्स' या अल्बमवर लिहून राहिलो. समीक्षकांना काय वाटलं अन् ऐकणाऱ्यांनी कसा घेतला, या भागाला एक शब्द पायजे. 'स्वागत' लिहून पाह्यलं पण पटत नाही, काहून का स्वागत एका दिवसात होते अन् संपते, याचं तर अजून सुरूच आहे. मे १९६६ मध्ये आला, अमेरिकेत खपाच्या यादीत १० व्या नंबरपर्यंत गेला, तरी कंपनीला तेवढ्यानं समाधान नाही, दोन महिन्यांत त्यांनी याच मंडळींच्या जुन्या हिट गाण्यांचा संग्रह काढला. इंग्लंडात मात्र २ रा नंबर. अन् २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी केली तर त्यातही हा २ रा. हे सगळं एका शब्दात कसं बसवू?

वडसा :
भाऊ, 'दाद' लिहू नका एवढं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालते, गाणं आवडलं की तिथंच वन्समोर, नट पुन्हा गाते. दाद ही अशी समोरासमोरची, घेणारा पुढ्यात पायजे. रेकॉर्ड घरी एकट्यानं ऐकणारा दाद कोणाला देईल? 'प्रतिसाद' लिहा.

वरुड :
प्रतिसाद नको हो दादा, रक्तदान शिबिराच्या बातमीतला शब्द आहे तो, आधी 'उत्स्फूर्त' लावल्याशिवाय येतच नाही! नाम कशाला शोधता, आपल्याकडं क्रियापदं किती चांगली आहेत. 'चालला' म्हणजे खपला. 'गाजला' म्हणजे चारचौघांत बोलणं झालं, मग ते बरं असो की वाईट. 'उचलून धरला' म्हणजे जाणकारांनी बाजू घेतली, इंग्लंडातल्या संगीतकारांनी केलं ते हेच, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी तर आजवर याचं कौतुक करते. अन् 'मुरला' हा ऐकणाऱ्यांचा शब्द, लोणच्यासारखं त्याला दिवस द्यावे लागतात. मी हेडफोन लावून ऐकला तेव्हा एका हळव्या गाण्याच्या शेवटी सायकलची घंटी अन् हॉर्न वाजला, आधी वाटलं बाहेर रस्त्यावर कोणी आलं, पुन्हा लावला तर तिथंच वाजला. अल्बम संपतो तो धडधडत जाणाऱ्या रेल्वेवर अन् कुत्र्यांच्या भुंकण्यावर. बीच बॉइजची आधीची समुद्र अन् गाड्यांची गाणी ऐकायची सवय असलेल्यांना हे पहिल्या झटक्यात कसं रुचणार? म्हणून मुरला.

वडसा :
ताई, हे पटलं. लव्ह या बँडचा १९६७ चा 'फॉरेव्हर चेंजेस' पण असाच, व्हायोलिनं अन् ट्रम्पेट घालून केलेला. अमेरिकेत १५४ व्या नंबरच्या वर गेलाच नाही, म्हणजे तिथं चालला नाही, इंग्लंडात २४ वा. पुढं समीक्षकांनी उचलून धरला. पण तो सामान्य ऐकणाऱ्यांत मुरला असं म्हणायला मी तरी धजत नाही, जाणकारांतच राह्यला असं वाटते. म्हणून दोन शब्द वेगळेच ठेवा, एकात कोंबू नका.

आर्वी :
अजून एक अडचण, अशा संगीताला इंग्रजीत 'चेंबर पॉप' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणू? आमच्याकडं चेंबर म्हटलं की नालीवरचं झाकण.

वरुड :
तसंच ठेवा अन् पहिल्यांदा येईल तिथं एक ओळ लिहा : युरोपात घरच्या दालनात मोजक्या वाद्यांवर वाजवायचं जे संगीत होतं त्याला चेंबर म्युझिक म्हणत, त्या तऱ्हेची व्हायोलिन-बासरी-हॉर्नची साथ पॉप गाण्याला दिली की चेंबर पॉप. 'कक्षसंगीत' नका करू, कोणी वाचणार नाही. अन् अल्बमला 'प्रायोगिक' म्हणण्यापेक्षा 'प्रयोगशील' बरं, गावात प्रयोग म्हणजे नाटकाचाच.

आर्वी :
ठीक. मथळा 'जाणकार आणि ऐकणारे' देतो, खाली आधी चालला किती, मग उचलून कोणी धरला, मग मुरला कसा. सायकलच्या घंटीचं पण टाकतो, ताई, तुमची हरकत नसेल तर.

वरुड :
टाका नं बाप्पा, फक्त गाण्याचं नाव तेवढं नीट तपासून टाका.