पदवीनंतरची दोन वर्षं वर्गात घालवावीत का?

फळा_आणि_खडू

निकाल लागले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "चांगली नोकरी मिळेपर्यंत कुठे तरी शिकवू का?" माझा आक्षेप त्या 'मिळेपर्यंत'ला आहे. शिकवण्याची किंवा समाजकामाची संधी चालून आली तर ती रीतसर पहिली नोकरी म्हणून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

संधी भरपूर आहेत. अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून तरुणांना २७ महिन्यांसाठी परदेशी पाठवते आणि त्यातले सर्वाधिक स्वयंसेवक शिक्षणाच्याच कामावर असतात. जपानच्या जेट योजनेतून १९८७ पासून बाहेरच्या देशांतले पदवीधर शाळांमध्ये भाषेचे सहायक शिक्षक म्हणून जातात. करार वर्षाचा असतो, वाढत वाढत पाच वर्षांपर्यंत नेता येतो. वेंडी कॉप यांनी प्रिन्स्टनमध्ये पदवीच्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेतून टीच फॉर अमेरिका निघाली, १९९० साली तिची पहिली तुकडी वर्गात उभी राहिली. पुढे ब्रिटनमध्ये टीच फर्स्ट, भारतात टीच फॉर इंडिया. साचा साधारण तोच: दोन वर्षं, पूर्णवेळ, पगारी, आणि शाळा अशी की जिथे साधनांची चणचण आहे.

बाविसाव्या वर्षी पहिल्याच दिवशी चाळीस जणांची जबाबदारी अंगावर दुसरं कोण टाकतं? ऑफिसात वर्षभर लोकांच्या मेलमध्ये नुसते सीसी होऊन बसाल.

रोखठोक

शेवटच्या परिच्छेदातच तुमचं पितळ उघडं पडलंय. जबाबदारी मिळते, अनुभव मिळतो, सगळं त्या बाविशीतल्या पोराला! त्या चाळीस मुलांना काय मिळतं?

टीच फॉर अमेरिकाचं मूळ प्रशिक्षण म्हणजे उन्हाळ्यातले जेमतेम पाच आठवडे. तेवढ्या शिदोरीवर वर्ग ताब्यात, आणि तोही नेमका गरीब वस्तीतला. पैसेवाल्या पालकांच्या शाळेत असा नवशिका उभा केला तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात रांग लागेल.

फळा_आणि_खडू

@रोखठोक, तावातावाने बोलण्याआधी आकडे बघा. मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेचा २०१३ चा अभ्यास आहे. माध्यमिक गणितात या नवख्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच शाळांमधल्या इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त प्रगती केली, आणि ती जवळपास अडीच महिन्यांच्या जादा शिकण्याइतकी होती. 'मुलांना काय मिळतं' याचं हे उत्तर.

बीएड_वाली

आकडा बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. त्याच संस्थेने २००४ मध्ये प्राथमिकचे वर्ग तपासले होते. गणितात थोडा फायदा दिसला, वाचनात काहीच फरक नाही. प्राथमिकला वाचनच गडबडलं तर पुढे सगळंच गडबडतं, हे शिकवणाऱ्याला सांगायला नको.

माझ्या वर्गाशेजारी असे तरुण शिकवून गेलेत. मेहनती असतात, त्याबद्दल दुमत नाही. तिथे एक मुलगा फळ्यावरचं सगळं सुबक अक्षरात उतरवायचा. काना-मात्रा जागच्या जागी. नव्या सरांनी वहीभर 'छान', 'उत्तम' लिहून ठेवलेलं. मी त्यातलाच एक शब्द कोऱ्या कागदावर लिहून त्याच्यापुढे धरला, तर त्याला वाचता येईना. तो अक्षरांची चित्रं काढत होता इतके दिवस! हे ओळखायला नजर लागते, ती शिकून तयार होते. उत्साह कितीही असला तरी त्याने ती येत नाही.

माजी_फेलो

ताई, मुद्दा मान्य. पण ती नजर फक्त कॉलेजातच तयार होते असंही नाही ना?

आमच्या मार्गदर्शक बाई तासाला मागे येऊन बसायच्या. कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि ज्या मुलाला प्रश्न गेला त्याच्या जागी एक टिंब द्यायचं, बस. तास संपला की कागद हातात. भाषण नाही, शेरा नाही. पुढच्या दोन रांगांत टिंबांची गर्दी आणि मागे कोपऱ्यात मैदान मोकळं, हे दिसलं की बाकी काही सांगावं लागायचं नाही. शिकवण्याची पदवी घेऊन वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्या किती जणांच्या तासाला असं कोणी बसतं?

हप्तेवाला

तुमचं शिक्षणशास्त्र चालू द्या. मानधन हप्त्याला पुरतं का, हे कोणी बोलेल का? घरून पाठबळ आहे त्याने दोन वर्षं सेवा करावी आणि कर्ज आहे त्याने टाळ्या वाजवाव्यात, असंच होतं शेवटी. अमेरिकॉर्प्स या अमेरिकेच्या सरकारी सेवा योजनेत निदान काम पूर्ण केल्यावर शैक्षणिक कर्ज फेडायला वापरता येईल अशी रक्कम देतात. अशी सोय नसेल तर सेवा हा ऐपतीचा छंद आहे.

फळा_आणि_खडू

@हप्तेवाला, १०० टक्के सहमत. फुकट राबवणाऱ्यांच्या नादी लागूच नये.

रोखठोक

आता मोठ्या प्रश्नाकडे या. नायजेरियात १९७३ पासून पदवीधरांना एक वर्षाची राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांना शाळांवर पाठवतात. दर वर्षी नवी कोरी तुकडी स्वस्तात मिळत असेल तर कायम शिक्षक भरायची घाई कोणत्या सरकारला असेल? मुलांच्या नशिबी मात्र दर वर्षी नवा चेहरा.

व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेचा इतिहासही बघा. १९५८ मध्ये सुरुवात केली ती नुकती शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या पोरांपासून. थोड्याच वर्षांत पदवीधर घेऊ लागले, पुढे तर अनुभवी व्यावसायिकच. कोवळा उत्साह पुरत नाही हे त्यांनाही उमगलं असणार.

बीएड_वाली

रोखठोक, तुम्ही दारच बंद करताय, ते मला पटत नाही. या मुलांनी शिक्षकाच्या जागी उभं राहू नये, शिक्षकाच्या शेजारी राहावं. सिटी इयर या अमेरिकी संस्थेचे तरुण १९८८ पासून साधारण तेच करतायत. वर्ग शिक्षकाचाच, हे मागे पडलेल्या चार-पाच जणांना घेऊन बसतात, सारखं गैरहजर कोण राहतंय यावर लक्ष ठेवतात. मला असा एक जोडीदार मिळाला तर मी दोन्ही हातांनी घेईन.

माजी_फेलो

शेजारी उभं राहणाऱ्याचं काय होतं ते मैत्रिणीकडून ऐकलंय. झेरॉक्स काढा, रांगा लावा, स्नेहसंमेलनाचा पडदा बांधा. वर्ग आपला नसला की बिघडलं तर आपलं काही जात नाही आणि सुधारलं तरी श्रेय नाही. मी तरी त्यात दोन महिनेही टिकले नसते.

बीएड_वाली

पडदा आम्हीही बांधतो हो! तो नोकरीचाच भाग आहे.

नुकताच_सुटलो

वाद जोरात आहे, पण मला या आठवड्यात एका संस्थेला होकार-नकार कळवायचाय. विचारू काय त्यांना?

बीएड_वाली

माझ्या वर्गात महिन्यातून किती वेळा कोण येऊन बसणार, हे विचार. आणि माझ्या आधी त्या वर्गावर कोण होतं, त्याच्याशी बोलता येईल का, हेही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. निघून गेलेला माणूस खरं बोलतो.

हप्तेवाला

मानधन कोणत्या तारखेला जमा होतं, ते लेखी घे.

नुकताच_सुटलो

विचारलं. तारीख लेखी आली. दर पंधरवड्याला कोणीतरी येऊन बसेल म्हणाले. आधीच्या माणसाचा नंबर मागितला तर "बघून कळवतो".

रोखठोक

कळवतील हं.

माजी_फेलो

@रोखठोक, दोन दिवस तरी द्या त्यांना. @नुकताच_सुटलो, नंबर आला नाही तर सरळ शाळेत जाऊन शिपायाला विचार.