छोट्या विमानात अर्ध्या तासाचं राखीव इंधन पुरतं का?

वाराविरुद्ध: अमेरिकेत दिवसा, नजरेच्या भरवशावर छोटं विमान उडवायचं तर नियम एवढाच : मुक्कामावर पोचूनही अर्धा तास उडता येईल इतकं इंधन हवं. रात्री पाऊण तास. लांबच्या पल्ल्याला हे अपुरं आहे, पूर्ण तास ठेवा. सेसना १७२ एस या चार सीटच्या विमानात वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, म्हणजे २०० लिटर. तासाला ९ गॅलन धरले तर जेमतेम सहा तास. पण ११० नॉटने, म्हणजे तासाला ११० सागरी मैलांनी, ४०० सागरी मैलांना ३ तास ३८ मिनिटं लागतात. समोरून २५ नॉटचा वारा लागला की ४ तास ४२, म्हणजे ६४ मिनिटं जास्त. तुमचा अर्धा तास दोनदा संपला!

चौथी_सीट: बोलायला काय जातंय? टाकी भरली की १४५ किलो तिथेच गेले. त्यावर चार मोठी माणसं बसवली तर वजनाची मर्यादा ओलांडते. उतरवणार कोणाला? वाऱ्याचा अंदाज नीट घ्या, अर्धा तास पुरतो.

डिपस्टिक: आधी टाकीत आहे किती ते तरी बघा. मी काट्यावर विसंबत नाही. पंखावरचं झाकण उघडायचं, पट्टी बुडवायची, निळं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, कुठवर ओलं करतं ते पाहायचं. आणि पुस्तकातला खप हवा-इंधनाचं मिश्रण नीट लीन केलं, म्हणजे त्यातलं इंधन कमी केलं, तरच मिळतो. रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवून उडणाऱ्यांनी सहा तास विसरावेत.

चौथी_सीट: १९८६ मध्ये व्हॉयेजर नावाच्या विमानाने न थांबता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघताना ३,१८० किलो इंधन, उतरताना ४८. घाबरून बसले असते तर?

वाराविरुद्ध: तो विक्रम होता हो, मागे कोणाची बायकापोरं बसली नव्हती. आणि विक्रमच हवा तर एकट्याने, न थांबता न्यूयॉर्कहून पॅरिसला उडालेला लिंडबर्ग घ्या. १९२७, साडेतेहतीस तास, ४५० गॅलनमधले ८५ पॅरिसला शिल्लक! आपल्या बोरिवलीच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये इवल्याशा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तोही आइसलँड, ग्रीनलँड असे टप्पे घेत. मधे उतरण्यात कमीपणा कसला?

चौथी_सीट: मधे इंधन मिळणारी धावपट्टीच नसेल तर?

वाराविरुद्ध: तर चौथ्याला बसचं तिकीट काढून द्या.