उत्तर: नळकांडी टांगली म्हणजे झालं का?

'प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर आहेत, मग आणखी काय हवं?' असं रुग्णालयांतल्या आगींबद्दल कुणीतरी विचारलंय. सिलिंडर असून भागत नाही हो. पावडरच्या सिलिंडरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते तरी दिसतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला बहुधा काटाच नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. किती ठिकाणी करतात?

२००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कागदावर वेळेत येतंही, पण आग विझवायचा पाण्याचा पंप चालवून बघितला की नाही हे कागद सांगत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी विरार, मग नगरच्या रुग्णालयात आग. दोन्हीकडे अतिदक्षता विभागच. तिथे एसी चोवीस तास चालू, वर ऑक्सिजन, त्यामुळे ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. आणि व्हेंटिलेटरवरचा पेशंट काही जिन्यावरून पळत नाही.

माझे वडील ॲडमिट होते तेव्हा त्या मजल्याच्या आपत्कालीन दारासमोर जुन्या गाद्या रचलेल्या. वॉर्डबॉयला विचारलं तर म्हणाला, "चावी मेट्रनकडे असते."